अण्णाच्या डाव्या हाताचं रीळ

साताऱ्याहून बेळगावची बस धरली ती एकाच कामासाठी. थोरल्या भावाला, अण्णाला, मासे धरायचं रीळ निवडून द्यायचं होतं. लकव्यानंतर त्याचा उजवा हात खांद्यातून हलायला लागला होता, पण बोटं मिटत नव्हती. शहापुरातले यंत्रमाग आता सुमनवैनी सांभाळत होत्या. अण्णाचं गळ टाकणं सुटल्यापासून नदीचं नाव मात्र घरात कुणी काढत नव्हतं.

मी आणि माझे यजमान गेली कित्येक वर्षं कृष्णेवर गळ टाकतो. सगळ्या तऱ्हेची रिळं मी हाताळली आहेत. त्यामुळे कोणतं रीळ घ्यायचं हे निपाणीचा घाट चढायच्या आतच माझं ठरलं होतं. प्रश्न अण्णाला पटवायचा होता.

शहापूरच्या गल्लीत शिरलं की मागांच्या आवाजावर आवाज चढवूनच बोलावं लागतं. अण्णा ओट्यावर बसला होता.

"आलीस व्हय? आधी एक ऐक," तो म्हणाला. "ह्या खेपंला जमलं न्हाय तर माझं गळाचं सगळं सामान साताऱ्याला घेऊन जायचं. रोज डोळ्यांसमोर नको मला."

वैनी चहाचा कप ठेवता ठेवता थांबल्या. मी म्हटलं, "चालंल. पण दुकानात मी सांगीन ते ऐकायचं."

चहा झाल्यावर आम्ही गळाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काचेवर तीन रिळं मांडली. अण्णाचा डोळा लगेच आडव्या, चकचकीत रिळावर गेला. ते काठीच्या वर बसतं आणि गळ लांब जातो, पण दोरी सुटताना अंगठ्यानं आवरावी लागते. जरा चुकलं की तंगुसाचा (नायलॉनच्या दोरीचा) गुंता. दुसरं उघडं रीळ, काठीखाली लटकणारं. आमच्याकडे बहुतेक जण तेच वापरतात. त्याची तारेची कडी दर वेळी दुसऱ्या हाताच्या बोटांनी उघडावी लागते. तिसरं झाकणाचं. त्याला मागं एक बटण असतं. बटण अंगठ्यानं दाबून धरायचं, काठी फेकायची, सोडायचं. बोटांचं सगळं काम एकाच हातात.

"इद छलो ऐतिरी," (हे चांगलं आहे) दुकानदार आडव्या रिळावर बोट ठेवून म्हणाला. माल खरोखरच चांगला होता.

"छलो आहे, पण ह्या हाताला न्हाय," मी म्हटलं आणि बटणाचं पुढं केलं.

अण्णाचं तोंड उतरलं. "हे पोराटोरांचं खेळणं. सदलग्याला नदीवर लोकं हसतील मला."

मी वाद घातला नाही. दुकानदाराला विचारून दोन रिळं काठ्यांवर चढवली, दोरीला गळाऐवजी शिसं बांधलं आणि अण्णाला मागच्या मोकळ्या जागेत नेलं. उघड्या रिळाची कडी उघडायला त्यानं उजवा हात तीनदा नेला. बोटं तारेवरून घसरत राहिली. मग बटणाचं रीळ डाव्या हातात दिलं. शिसं सरळ जाऊन पलीकडच्या भिंतीवर आपटलं. अण्णानं माझ्याकडं बघितलंही नाही. "परत आण ते," एवढंच म्हणाला, आणि आणखी बराच वेळ फेकत बसला.

अडलं ते दोरी गुंडाळताना. रीळ फिरवायच्या मुठीची गोळी बारीक होती, उजव्या तळव्यातून निसटायची. तेच रीळ घेऊन घरी आल्यावर अण्णाच म्हणाला, "जाड कर की तिला." वैनींनी त्या गोळीवर सुताचे वेढे घट्ट चढवले, थांबून त्याच्या तळव्याशी लावून बघितले, आणखी चढवले. लिंबाएवढी झाल्यावर अण्णाचा तळवा तिच्यावर नीट बसला.

सकाळी सदलग्याला जायला अण्णा आणि मी निपाणीला उतरलो आणि कळलं, गळाला लावायची कणीक आधीच्या बसमध्येच राहिली. स्टँडजवळच्या हॉटेलवाल्याकडं गोळाभर कणीक मागितली.

"मासं धरायला व्हय?" तो हसला. "मग जरा हळद घालून देतो."

सदलगा आमचं आजोळ. दूधगंगेच्या काठी ऊस अगदी पाण्यापर्यंत आलेला. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी अण्णाला ओळखलं, तब्येत विचारली. रिळाकडं कुणाचं लक्षही गेलं नाही. भाकरी, झुणका आणि वैनींची लाल चटणी खाऊन होईपर्यंत पाण्यात टाकलेल्या गळाचा तरंगा हलला नव्हता. मला मात्र रिळाबद्दल शंका नव्हती.

मग तरंगा एकदम बुडाला. काठी वाकली आणि रीळ करकरत दोरी सोडू लागलं. मासा ओढेल तशी दोरी सुटावी म्हणून मी मुद्दाम रिळाचा ताण सैल ठेवला होता. अण्णाचा तळवा गोळीवरून घसरला. मी काठी धरायला पुढं झाले.

"हात लावू नकोस!" तो ओरडला. "पळू दे त्याला. दमंल."

त्यानं काठीचं बूड काखेत दाबलं. मासा ओढायचा तेव्हा तो थांबायचा, सैल पडला की तळव्यानं मूठ फिरवायचा. खांदा थरथरत होता, कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता. मला हात मागं बांधून उभं राहणं फार जड गेलं. शेवटी काठाच्या चिखलात कोपराएवढा लांब रोहू आडवा झाला. अण्णा त्याच्याशेजारी मटकन बसला आणि हसता हसता रडायला लागला. जाळीची पिशवी तेवढी मी पुढं केली.

परतीला निपाणी स्टँडवर आमच्या वाटा फुटल्या. त्याची बस बेळगावची, माझी कोल्हापूरची. काठी मी वर देते म्हटलं तर दिली नाही. दारातून म्हणाला, "शालू, पुढच्या खेपंला तुझंबी सामान आण गं. नुसतं बघत उभारू नकोस."

बस हलली. रीळ निवडताना आपण मासा केवढा, पाणी किती खोल, हेच विचारतो. मीही आजवर तेच विचारत आले होते. आता कुणी सल्ला मागितला, तर आधी त्याचा हात हातात घेऊन बघीन.