अकरावा व्हॉल्व्ह

मी निवृत्त झालो तेव्हा ग्रामपंचायतीनं शाल-नारळ दिला, भाषणं झाली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सरपंच दारात. "काका, वरच्या मोहल्ल्यात पानी नाई चढून राह्यलं. जरा येता का?" त्या 'जरा'ला तीन वर्षं झाली.

रोहण्याजवळच्या आमच्या गावात मी तीस वर्षं नळाचं पाणी सोडलं. गावात अकरा व्हॉल्व्ह. रस्ते बदलले, झाकणं फरश्यांखाली गेली. पण कुठला व्हॉल्व्ह कोणाच्या ओट्यालगत आहे, कुठल्याला किती फेरे द्यायचे, कोणता उलटा बंद होतो, हे सगळं माझ्या डोक्यात. कागदावर एक रेघ नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. ते गाढव व्हायला मला फार आवडायचं.

आता तेच गळ्याशी आलंय. तीन वर्षांत कुठे मुक्काम म्हणून नाही. आर्वीला लग्नाला गेलो, तर पंगतीत बसायच्या आधी फोन. मी चिडतो, शिव्या घालतो आणि मिळेल त्या बसनं परत येतो. जीव नुसता कोंडून जातो.

यंदा मुलीचं बाळंतपण नाशिकला होतं. बायकोचे गुडघे गेलेले, एकटीच्यानं होणार नाही, म्हणून दोघांनी दोन महिने जायचं ठरलं. पंचायतीनं चाळिशीचा एक माणूस नेमला. वही घेऊन तो दिवसभर माझ्यामागे हिंडला. मी जागा दाखवल्या, फेरे लिहून दिले. दहा झाले. देवळामागच्या फरशीवर आलो आणि माझ्या तोंडून निघालं, "झालं. एवढेच."

निघायच्या दिवशी वरच्या मोहल्ल्यातले नळ कोरडे. सरपंचाचा फोन आला. मी चप्पल घालायला लागलो.

बायकोनं विचारलं, "देवळामागचा दाखवला नाई ना त्याले?"

मी दुसरी चप्पल पायात सरकवली.

"गाव सोडत नाई, गाव सोडत नाई म्हन्ता. तुमीच कुठं सोडून राह्यले गावाले?"

तिनं बॅगेतले माझे कपडे काढून खाटेवर ठेवले आणि गुडघ्यावर हात टेकत नाशिकची गाडी गाठायला एकटीच पुलगावच्या बसमध्ये चढली. मला भयंकर लाज वाटली. बस जाईपर्यंत थांबलो आणि देवळामागे गेलो.

तो माणूस वही उघडून तिथं उभाच होता.

"वरच्या मोहल्ल्यात जाऊन नळ पाहून ये," मी म्हणालो. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर मी फरशी उचलली.