दादाच्या जुन्या गाडीची चाकं आणि फौजदारबाई

हसू नका, पण टायरच्या दुकानातली ही बाई मला आधी सीटकव्हर शिवणारी वाटली होती. गळ्यात शिंप्याची टेप, कानामागे खडू, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी तिला विचारलंसुद्धा, की लाल गाडीला काळी कव्हरं शोभतील का. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, कव्हरांचं नंतर बघा, आधी गाडी कुणाची ते सांगा. दुकान तिचंच होतं. मागे टायर काढणारे दोघे खुसुखुसू हसत होते. सगळं वर्कशॉप तिला फौजदारबाई म्हणतं, हे मला मग कळलं.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. दोनच माणसं मावतील अशी, जमिनीला पोट टेकवून चालणारी, तिशी उलटलेली स्पोर्ट्स कार. दादाने सहा वर्षांपूर्वी ती घेतली आणि वहिनीच्या घरात सवत आली. सवतीला एक खोड होती. मोठं वळण आलं की पुढच्या चाकापाशी खर्र असा आवाज यायचा, कुणी आतून पत्रा खरवडल्यासारखा. वहिनी दोनदा बसली आणि मग बसायची बंद झाली. आता रविवारी जुन्या गाडीवाल्यांची डोंगरावर सहल होती. वहिनीने सांगून टाकलं, मी येते, पण एकदा जरी खर्र ऐकू आलं तर सोमवारी गाडी दातांच्या डॉक्टरांना द्यायची. डॉक्टर तीनदा विचारून गेले होते, आणि वहिनीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. दादाला घास गोड लागेना.

त्याने उपाय काय काढला, तर ओळखीतल्या एकाकडून चकचकीत सोळा इंची चाकं उचलून आणली. आजार पोटाचा आणि मलम टाचेला. फौजदारबाईने त्या चकाकीकडे ढुंकूनही बघितलं नाही. एक चाक लावलं आणि हातानेच नट फिरवायला घेतले. तीन सरळ गेले, चौथा वाकडा. चाकाची भोकं गाडीच्या भोकांपेक्षा तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी इकडेतिकडे होती. दादा म्हणाला, पाना मारला की बसेल.

“बसेल की. पण कुठल्या वळणावर उठेल, ते सांगता येणार नाही,” ती म्हणाली आणि चाक उतरवलं.

मला लगेच वास आला. हिला स्वतःची चाकं खपवायची असणार. मी दादाला कोपऱ्यात घेऊन तसं कानात सांगितलं, आणि आम्ही दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या दुकानात गेलो. तिथला माणूस साखरेत घोळलेला. वाकलासुद्धा नाही. उभ्या उभ्या टायरवरचा आकडा वाचला आणि म्हणाला, हाच साइज आणून दहा मिनिटांत घालतो, काकू तुम्ही पंख्याखाली बसा. ज्या माणसाला एकही शंका येत नाही, त्याच्याबद्दल मला फार येतात. शिवाय मला काकू म्हणाला. मी दादाला म्हटलं, चल परत.

फौजदारबाईने टोमणा मारला नाही, हेही मला संशयास्पद वाटलं. तिने एवढंच सांगितलं, डिकी उघडा, स्टेपनी बघायची आहे. दादाने सहा वर्षांत ती स्टेपनी बाहेर काढली नव्हती. काढली तर ती लग्नात चुकून आलेल्या पाहुण्यासारखी वेगळीच. चाक तेरा इंची, आणि गाडीला चढवलेली चाकं पंधरा इंची. तिने टेप काढली. दोन टेपा टोकाला टोक जोडून शिवलेल्या होत्या, कारण एक टेप टायरभोवती पुरत नाही. स्टेपनीचा घेर भरला एकशे पंच्याऐंशी सेंटिमीटर, वापरातल्या टायरचा एकशे सत्त्याण्णव.

तेव्हा उलगडा झाला. कंपनीने दिलेली चाकं मागच्या मालकाने हौसेखातर काढून मोठी घातली होती. नंतर ज्याने ज्याने टायर बदलले, त्याने जुन्या टायरवरचा आकडा वाचून तोच पुढे चालवला. आमचा दादाही त्यातलाच. चूक एकाची, आणि नक्कल करणारे सगळे.

मी विचारलं, तुम्हाला स्टेपनीचंच कसं सुचलं. तर म्हणाली, माणूस मिरवायची चाकं बदलतो, लपलेलं कोण बदलतंय.

हिचा स्वभाव जन्मजात नव्हे बरं का. दुकान सासऱ्यांचं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने एका गिऱ्हाइकाच्या टायरवरचा आकडा असाच खरा मानला आणि चारही तसेच दिले. चौथ्या दिवशी तो माणूस परत आला. टायर पत्र्याला घासून कुशीत चिरला होता. लागलं कुणाला नव्हतं, पण मागच्या सीटवर त्याची आई होती. त्या दिवसापासून ही टेप गळ्यात आली. नवरा छापखान्यात पुस्तकं बांधतो. तो सांगतो की घरात फ्रिज आणला तेव्हा हिने दार मोजलं, फ्रिज मोजला आणि जिना चढून आल्यावर फ्रिज पुन्हा मोजला. वाटेत वाढला असला तर?

स्टेपनीचं रबर म्हाताऱ्याच्या टाचेसारखं भेगाळलेलं होतं, आणि त्या मापाचे चांगले टायर आता सहज मिळत नाहीत. म्हणून तिने चौदा इंची चाकं काढली, भोकं जुळणारी, आणि त्यावर जरा रुंद पण बुटका टायर. चाक एका इंचाने वाढलं की टायरची उंची तेवढी उतरली पाहिजे, म्हणजे बाहेरचा घेर राहतो तोच. घेर मोजला. एकशे पंच्याऐंशी.

आता दादाचा चेहरा फुलला, पण हिचा संशय फिटलेला नव्हता. मुलांची खेळायची माती आणली, तिच्या वळ्या केल्या आणि चाकाच्या वरच्या पत्र्याला आतून चिकटवल्या. आधी गाडीला ती पंधरा इंची चाकं असतानाच. मग माझ्याकडे वळली.

“ताई, तुम्ही साहेबांच्या शेजारी बसा. वजन पाहिजे.”

आजवर माझ्या वजनाचा असा उघड उपयोग कुणी केला नव्हता. मी बसले. दादाने स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवलं. उतरून बघितलं तर टायर घासून माती सोलून निघालेली. खर्रचं बिंग फुटलं. नवीन चाकांवर मी पुन्हा बसले, गाडी अंगणातल्या उंचवट्यावरूनही नेली. मातीवर ओरखडा नाही. ती चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाली, अंग चोरून नाही ना बसलात? म्हणजे तिसऱ्यांदा बसणं आलं.

रविवारी वहिनी गेली. पर्स मांडीवर घट्ट धरून, कान टवकारून, डोंगर चढून आली आणि उतरून आली. खर्र नाही, खुर्र नाही. डॉक्टरांना तिने परस्पर निरोप धाडला की गाडी द्यायची नाही.

एवढ्यावर थांबेल तर तो दादा कसला. सोमवारी मला घेऊन दुकानात हजर. म्हणे, आवाज गेला, पण तुम्ही माझा मीटर बिघडवलात. डोंगराचा माथा घरापासून अठ्ठावन्न किलोमीटर, सहा वर्षं मी बघतोय. काल मीटरने बासष्ट दाखवले.

फौजदारबाईने विचारलं, रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड कुणी बघितले का. दादाने बघितले नव्हते. वहिनीने बघितले होते, भीतीने दुसरीकडे बघवत नव्हतं म्हणून. मी तिथूनच तिला फोन लावला. वहिनी म्हणाली, माथ्यावरच्या दगडावर आपलं गाव बासष्ट.

दादा म्हणाला, दगड चुकीचा असेल.

“सगळे दगड?” फौजदारबाईने विचारलं. “मोठं चाक कमी फेरे घेतं साहेब, मीटर फेरे मोजतो. सहा वर्षं तुमचा डोंगर चार किलोमीटर अलीकडे होता.”

तिने टेप त्याच्यापुढे धरली, पाहिजे तर जाऊन रस्ता मोजून या म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला डिकी उघडायला सांगितली.