सुगंधाचं बोलणं

बाळाला पाजताना सुगंधा त्याच्याकडे बघत नसे. पदराखाली त्याला घेई आणि नजर अंगणातल्या मोहाच्या झाडावर ठेवी. त्याचं पोट भरलं की लगेच सासूच्या हाती देऊन ती कामाला निघून जाई.

देवरीच्या पलीकडच्या त्या गावात मी अंगणवाडी सेविका होते. दर महिन्याला बाळाचं वजन करायचे आणि काटा पुढे सरकत नसे. दूध भरपूर होतं. डॉक्टरांना आजार सापडला नव्हता. बाळ फारसं रडतही नसे. छपराच्या कवेलूंकडे डोळे लावून पडून राही. सासू म्हणे, "पाजून तं राहिली. अजून काय पायजे?"

एकदा सासू बाजाराला गेलेली पाहून मी सुगंधाजवळ बसले, बाळाकडे का बघत नाहीस ते विचारलं. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "मैनासंगं दिवसभर बोलत होती मी. तापात गेली ते. याच्यासंगं नाही बोलत, बाई. माया लागते."

मैना तिची पहिली मुलगी. मी या गावात येण्याआधीच गेलेली.

"दुधानं पोट भरतं, सुगंधा," मी म्हणाले, "पण लेकराला आईचं तोंड दिसावं लागतं, आवाज लागतो. असाच राहिला तर हाही हातचा जाईल." डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात गेले तर ती त्याला पायांवर घेऊन तेल लावत होती आणि म्हणत होती, "हास ना, मैना." पोराला मेलेल्या पोरीच्या नावानं हाक मारते म्हणून सासूनं घर डोक्यावर घेतलं होतं. मलाही ते ऐकवत नव्हतं. तरी मी सासूला थांबवलं, कारण त्या हाकेला बाळ हुंकार देत होतं. हळूहळू त्याच्या मांड्या भरल्या, काटा हलू लागला. मग कधीतरी हाक बदलली आणि तो 'बाबू' झाला.

वर्षभरानं सुगंधाच्या नवऱ्याला तिरोड्याला काम लागलं. मी तिला देवरीच्या स्टँडवर सोडायला गेले. बाबू कडेवरून काहीबाही बडबडत होता आणि ती त्याच्या प्रत्येक शब्दाला उत्तर देत होती. गाडी लागली तशी ती माझ्याजवळ आली.

"तुमी सांगतलं म्हनून बोलली मी, बाई. आता याले काही झालं तं मी कशी जगू?"

ती बाबूला घेऊन गाडीत चढली. तिच्या पिशव्या मी खिडकीतून आत दिल्या.