उजेड न देणारे चार लाइट

"लाइट लावले नाय का अजून?" मुनीरचाचांनी माईकवरून विचारलं.

माझं डोकंच फिरलं. दुपारचे साडेतीन वाजले होते, साउंडचेक चालू होता, आणि स्टेजवर माझे अठ्ठेचाळीस एलईडी लाइट एकजात पेटलेले होते. सकाळी सातपासून मी आणि माझे इलेक्ट्रिशियन अशोकराव शिडीवर लटकत होतो. हॉलच्या शेवटच्या रांगेतून मी ओरडले, "चाचा, सगळे फुल्ल आहेत!"

"असं?" ते म्हणाले.

मुनीरचाचा जन्मापासून आंधळे. वय साठीच्या पुढचं, गाव वैजापूर, गळा अजून तिशीतला. ते विंगेतून एकटे चालत आले होते, आठ-दहा पावलं टाकून थांबले होते आणि छान दोन ओळी गायले होते. फक्त तोंड प्रेक्षकांकडं नव्हतं. ते ड्रमच्या सेटकडं बघून गात होते. ड्रमरला कळेना हसावं की उठून त्यांचा खांदा धरावा. शेवटी त्यानं खाली मान घालून नट आवळायला घेतला.

कार्यक्रम संभाजीनगरातल्या एका कंपनीचा होता. कर्मचाऱ्यांची कुटुंबं बोलावलेली, जुन्या गाण्यांची संध्याकाळ. मुनीरचाचांची चार गाणी. इव्हेंट मॅनेजर निखिल, तिशीचा, कानाला कायम फोन. तो धावत स्टेजवर गेला. मीही गेले.

"काय झालं चाचा? तब्येत बरी आहे ना?" निखिलनं विचारलं.

"तब्येत झकास हाय. पण बेटा, ऊन नाय लागत."

"ऊन? हॉलमध्ये?" मी आणि निखिल एकदमच म्हणालो.

मग चाचांनी सांगितलं. "चाळीस वरसं झाले स्टेजवर. लासूरच्या ऑर्केस्ट्रापासून गातो. पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन स्टँड असायचे, त्यावर तुमचे ते डब्ब्यावाले लाइट. दोन्ही गालांला सारखं ऊन लागलं की समजायचं, मधोमध उभा हाय, तोंड पब्लिककडं हाय. ऊन गालावरून कानाकडं सरकलं की थांबायचं. पुढं खड्डा हाय."

"पण हे कधी बोलला नाहीत कुणाला?" मी विचारलं.

"कुणी विचारलंच नाय. आणि मला तरी काय ठाऊक, नव्या लाइटमधलं ऊन तुम्ही काढून टाकलंय म्हणून."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण ऊन मीच काढलं होतं, आणि त्याची जाहिरातही मीच करत फिरत होते.

इथं थोडं समजावून सांगते. लाइटवाली म्हटलं की लोकांना वाटतं ही बटण दाबते आणि दिवे लागतात. तेवढं सोपं असतं तर माझे गुडघे अजून धड असते. माझ्यापुढं एक टेबलाएवढं यंत्र असतं, त्याला कन्सोल म्हणतात. त्यातून निघालेली एक केबल सगळ्या लाइटमधून फिरते. प्रत्येक लाइटला नंबर असतो आणि केबलमधून नंबरवार हुकूम जातात. सतरा, लाल हो. अठरा, मंद हो. गाण्यात कुठं काय बदलायचं ते आधी रचून ठेवायचं. अशा एका बदलाला क्यू म्हणतात. मग कार्यक्रमात गाणं ऐकत ऐकत एकेक क्यू सोडायचा.

पूर्वी हे सगळं पार लाइटवर चालायचं. पार म्हणजे पत्र्याचा डबा, आत हजार वॅटचा हॅलोजन दिवा. उजेड पिवळा आणि उष्णता अशी की स्टेजवर निवेदिकेचा मेकअप ओघळायचा. दोन वर्षांपूर्वी मी हिय्या करून सगळं एलईडी केलं. तेव्हापासून प्रत्येक क्लायंटला एकच टेप ऐकवते, "आमचं स्टेज गार असतं, कलाकाराला घामाचा थेंब येत नाही." लोक खूश. मुनीरचाचांचा रस्ता त्यातच बुजला, हे त्या दिवशी कळलं.

एरवी त्यांना आवाजावरून तरी अंदाज आला असता. पण साउंडवाल्यानंही नवं तंत्र आणलं होतं. स्टेजवरचे स्पीकर काढून गायकाच्या कानात इअरफोनची बोंडं. म्हणजे कानही बंद. आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी प्रेमानं, त्या माणसाची दिशा काढून घेतली होती.

निखिलनं लगेच उपाय काढला. "काही टेन्शन नाही. मधोमध मस्त खुर्ची ठेवतो. दोघं जण चाचांना हात धरून आणतील. पब्लिकला पण ते टच होतं."

"मंग मी येत नाय," चाचा म्हणाले. आवाज जराही चढला नव्हता. "दुसरा कुणी बघा."

"अहो चाचा, सेफ्टीसाठी म्हणतोय मी."

"हात धरून आणलं की लोक गाण्याच्या आधीच टाळ्या वाजवतात. लई वाजवतात. दोनदा झालंय माझ्यासंगं. गाण्याच्या आधीची टाळी कशाची असती, ते मला कळतं बेटा. ती घेऊन गाणं नाय म्हणता येत."

सात वाजता पडदा उघडायचा होता, स्टेज चार फूट उंच, आणि हा माणूस एकटाच येणार नाहीतर येणारच नाही.

मी दोरी सुचवली. मॅटखाली जाड दोरी चिकटवायची, पायाला लागली की थांबायचं. चाचांनी बिचाऱ्यांनी करून पाहिलं. पायाला दोरी बरोबर सापडली, तोंड मात्र विंगेकडं गेलं. "दोरी थांबवती," ते म्हणाले, "बघायचं कुठं ते नाय सांगत."

बरोबर होतं. मी अशोकरावांना विचारलं, "गोडाऊनला पार किती उरलेत?"

अशोकराव माझ्याकडं वीस वर्षं आहेत. मी पार विकायला काढले तेव्हा ते आठ दिवस माझ्याशी धड बोलले नव्हते. आता त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी मुद्दाम पाहिलं नाही. "आठ ठेवलेत," ते म्हणाले. "तुम्हाला न सांगता."

"डिमर?"

"तो पण."

डिमर म्हणजे हॅलोजनचा करंट कमीजास्त करणारी पेटी. तो नसला तर पार कन्सोलचं ऐकत नाहीत. गारखेड्याच्या गोडाऊनला जाऊन अशोकराव पाऊण तासात सगळं घेऊन आले. आठातले पाच पेटले. आम्हाला चार हवे होते. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत उंच स्टँड लावले, प्रत्येकावर दोन पार, झोत मधोमध एकमेकांना छेदतील असे. पेटवले. चाचा विंगेतून निघाले, सरळ मधोमध आले, हनुवटी जराशी डावी-उजवी हलवली आणि अगदी बरोबर माझ्याकडं, हॉलच्या शेवटच्या रांगेकडं, तोंड करून उभे राहिले.

"हां," ते म्हणाले. "आता लागले लाइट."

मी हुश्श केलं. तेवढ्यात व्हिडिओवाले हात हलवत आले. "मॅडम, हे नाही चालणार. चाचा हळद लावल्यासारखे पिवळे दिसतायत, मागचा सगळा ऑर्केस्ट्रा पांढरा."

त्यांचंही खोटं नव्हतं. कंपनी रेकॉर्डिंग करून घेणार होती. निखिल म्हणाला, "मग खुर्चीच ठेवू या ना." मी त्याला म्हटलं, "निखिल, आता खुर्ची म्हणालास तर तुलाच बसवीन तिच्यावर." हे क्लायंटच्या माणसाशी बोलायचं बोलणं नाही, मला मान्य आहे.

मी खाली पायरीवर बसून चहा घेतला. चहा पिताना आठवलं. मी या धंद्यात आले ती नाटकांमधून. रात्रीच्या सीनला आम्ही पारच्या तोंडाशी निळा जेल लावायचो. जेल म्हणजे रंगीत, उष्णता सोसणारा पारदर्शक कागद. स्टेजवर निळीशार रात्र व्हायची आणि आमचे नायक आत येऊन टॉवेलनं मान पुसत शिव्या घालायचे, "रात्र कसली, भट्टी आहे नुसती!" म्हणजे जेल उजेड अडवतो, उष्णता बरीचशी तशीच जाऊ देतो. आम्हाला उजेड नकोच होता. तो द्यायला अठ्ठेचाळीस एलईडी होते.

अशोकरावांच्या पेटीत गडद निळा जेल निघाला, गडद लालही. दोन्ही एकावर एक लावले. पार पेटवले तेव्हा डब्याच्या तोंडाशी जांभळट काळपट गोल तेवढे दिसत होते. चाचांच्या चेहऱ्यावर त्यांचा उजेड जवळपास शून्य. व्हिडिओवाल्यांनी मॉनिटरमध्ये नाक खुपसलं आणि म्हणाले, "ओके. हे कशासाठी लावलेत पण?"

इतका गडद जेल फुल्ल पॉवरला जळतो, म्हणून डिमर साठ टक्क्यांवर ठेवला. "चाचा, एवढं ऊन पुरतं का?"

"सकाळचं ऊन हाय. पुरतं."

साडेपाचला एका गाण्याची पूर्ण तालीम घेतली. चाचा चालत आले, उभे राहिले, गायले. मी क्यू सोडत गेले. कडव्याला निळा, धृपदाला सोनेरी, सगळं जागच्या जागी. शेवटची ओळ संपली आणि मी सवयीनं ब्लॅकआउटचं बटण दाबलं. गाणं संपलं की क्षणभर पूर्ण अंधार करायचा, ही आमची हजारदा केलेली गोष्ट. हात आपोआप जातो.

ब्लॅकआउट सगळ्यांना घेऊन जातो. माझे चार पारही गेले.

चाचा परत निघण्यासाठी वळत होते. एक पाऊल उचललेलं, ते तसंच अधांतरी राहिलं. मग त्यांनी ते हळूच खाली ठेवलं आणि दोन्ही हात थोडे पुढं केले. चाळीस वर्षं स्टेजवर एकट्यानं वावरलेला माणूस चाचपडत होता, तोही माझ्या बोटामुळं.

"बेटा," ते शांतपणे म्हणाले, "आता अंधार झाला."

मी लाइट परत आणले. ब्लॅकआउट म्हणजे काय ते मी शिकवते, वर्कशॉप घेते त्याचे. इतकी लाज मला या धंद्यात कधी वाटली नव्हती. मी स्टेजवर गेले, म्हटलं, "चाचा, चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. पण संध्याकाळी नको हं," ते हसले. "इज्जतीचा सवाल हाय."

कन्सोलमध्ये 'पार्क' नावाची एक सोय असते. एखादा नंबर पार्क केला की तो ठरलेल्या आकड्यावर घट्ट बसतो. ब्लॅकआउट करा, काहीही करा, तो ढिम्म हलत नाही. मी चारही पार साठावर पार्क केले. मग पाच वेळा ब्लॅकआउट करून पाहिला. प्रत्येक वेळी अशोकराव स्टेजच्या मधोमध डोळे मिटून उभे राहून ओरडायचे, "हाय ऊन! हाय!" खाली झाडू मारणाऱ्या मावशींना वाटलं असणार, हा बाप्या कामातून गेला.

पडद्याआधी निखिल माझ्याकडं आला. त्याच्या हातात निवेदिकेचं कार्ड होतं. त्यावर 'दृष्टिहीन असूनही' असं काहीसं लांबलचक लिहिलेलं. त्यानं माझ्याकडूनच पेन घेतलं आणि ती पूर्ण ओळ खोडली. वर फक्त लिहिलं, 'वैजापूरचे मुनीरभाई'. त्यासाठी मी त्याला खुर्चीचं माफ केलं.

कार्यक्रमातलं चौथं गाणं हे चाचांचं पहिलं होतं. नाव पुकारलं गेलं. ते विंगेतून निघाले. काळा कोट, काळा गॉगल, हात मोकळे. हॉलमध्ये तीन-चार टाळ्या पडल्या, कुणाही नव्या गायकाला पडतात तेवढ्या. बोट कन्सोलवर, नजर त्यांच्या बुटांवर. मधोमध आले, थांबले, हनुवटी किंचित हलली. समोर बघितलं आणि सूर लावला.

शेवटच्या रांगेत माझ्या पुढं दोन बायका बसल्या होत्या. एक दुसरीला कोपर मारून म्हणाली, "बाई गं, या वयात गॉगलची हौस बघ! जरा शायनिंगच मारतोय म्हातारा."

"मारू दे गं," दुसरी म्हणाली. "गातोय काय!"

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदम. पुढचा क्यू मी दोन सेकंद उशिरा सोडला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

गाणं संपलं. मी ब्लॅकआउट केला. अंधारातच टाळ्या सुरू झाल्या आणि लाइट आले तरी थांबेनात. चाचा आपल्या उन्हात उभे होते, वाकून सलाम करत होते.

कार्यक्रमानंतर विंगेत त्यांना मी त्या बाईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते मला तीनदा सांगायला लावलं. "शायनिंग म्हणाली? खरंच? माझ्या गॉगलला नाव ठेवलं?" आणि एवढे खूश झाले की कोटाची कॉलर ताठ करून अशोकरावांना शोधायला निघाले, त्यांनाही सांगायचं म्हणून.

कार्यक्रम ठरला की मी कलाकाराकडं एक फॉर्म पाठवते. कोणते लाइट, किती, कुठं, अशी दोन पानं. त्यात आता एक प्रश्न वाढवलाय: तुम्हाला लाइट कशासाठी लागतो? बहुतेक जण ती जागा कोरी सोडतात. मग मी फोन करून विचारते.