बोटं उमटेपर्यंत

तीनप्रती काकांना हे नाव कचेरीतल्या लोकांनी दिलं आणि निवृत्तीनंतर ते त्यांच्या मागोमाग घरी आलं. पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्कच्या खुर्चीत. एवढ्या काळात त्यांनी एकही कागद एकटा म्हणून पुढे जाऊ दिला नाही. अर्ज तीन प्रतींत, तक्रार तीन प्रतींत. एकदा कुणीतरी रजेच्या अर्जावर 'कारण : ताप' असं लिहिलं, तर यांनी विचारलं, "तापाचा पुरावा?" माणूस वाईट नव्हता हो. लाच नाही, उशीर नाही आणि खोटं तर मुळीच नाही. फक्त कागदावर नसलेली गोष्ट जगात असू शकते हे काही त्यांना पटत नसे.

घरात मात्र बघायला नको. इकडची काडी तिकडे करायचे नाहीत. चहाचा कप जिथे संपेल तिथेच मुक्कामाला. पाण्याचा तांब्या हातभर अंतरावर असला तरी हाक मारायची, "अगं, पाणी." काकूंनी लग्नानंतर वर्षभर वाट पाहिली, मग नाद सोडला. तेव्हापासून त्या घरातलं घासणं, धुणं, पुसणं, पिळणं, वाळवणं सगळं त्यांच्याच दोन हातांनी चाललं होतं.

त्यांची एकुलती एक लेक परदेशात होती. तिला दिवस गेले होते आणि या खेपेला सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला होता. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळं संपलं, तेव्हा तिच्याजवळ आई नव्हती. फोनवर ती रडत होती आणि इकडे काकू फोन कानाला लावून नुसत्या उभ्या होत्या. ते काकूंनी मनाला लावून घेतलं होतं. "या वेळी मी तिच्या उशाशी असणार," त्यांनी एकदाच सांगितलं. दोघांनी जायचं ठरलं. बाळंतपणाला नऊ आठवडे उरले होते.

व्हिसा काढायचा म्हटल्यावर काकांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. निवृत्तीनंतर चार वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडे कागद मागत होतं! निमंत्रणपत्र, विवाहाचा दाखला, घराचे कागद, जावयाच्या नोकरीचं पत्र, फोटो, सगळं तीन-तीन प्रतींत, रंगीत खुणा लावून. काकूंच्या अर्जात 'व्यवसाय' असा रकाना होता. तिथे काकांनी क्षणभरही न थांबता सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'काही नाही'.

व्हिसा केंद्रात कागद बघून खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, एवढं कशाला? एकच प्रत लागते." काका मनातून दुखावले. मग बोटांचे ठसे. काचेच्या यंत्रावर काकांनी हात ठेवला आणि ठेवताक्षणी हिरवा दिवा. "वा! किती स्पष्ट रेषा आहेत," मुलगी म्हणाली. काकांनी हात असा काही मागे घेतला की जणू सुवर्णपदकच मिळालं.

मग काकूंनी बोटं टेकवली. लाल दिवा. पुसून टेकवली, लाल. दाबून टेकवली, लाल. मुलीने ओला कागद दिला, फुंकर मारायला सांगितली, एकेक बोट स्वतः धरून टेकवलं. यंत्र काही ढिम्म हलेना.

"काकू, रेषाच नाहीत हो बोटांना," मुलगी म्हणाली. "काम काय करता तुम्ही?"

"काही करत नाही ती," काकूंच्या आधी काकाच बोलले. "घरीच असते."

मुलीने काकूंची बोटं उलटून पाहिली, मग काकांकडे पाहिलं. "काहीच न करता इतकी झिजली?"

काका हातातल्या प्रती मोजायला लागले आणि मोजताना चुकले. छत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मुलीने सरळच सांगितलं. बोटं उमटली नाहीत तर अर्ज वेगळ्या तपासणीला जातो आणि त्याला तीन महिने लागतात. तीन महिन्यांनी बाळाचं बारसंसुद्धा उरकलेलं असेल! काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. "एक उपाय आहे," मुलगी म्हणाली. "तीन आठवडे हातांना पूर्ण आराम. भांडी नाही, धुणं नाही, साबणाला हात नाही. रोज दोनदा मलम. रेषा पुन्हा येतात, मी पाहिलंय. आणि काका, तिकडे उतरल्यावरही बोटं टेकवावी लागतात बरं का, म्हणजे जाईपर्यंत हेच पथ्य."

"मग घरातलं कोण करणार?" काकूंनी विचारलं.

त्यावर खिडकीतली मुलगी, मागच्या रांगेतली चार माणसं आणि दाराशी उभा पहारेकरी, सगळ्यांनी एकदम काकांकडे पाहिलं.

आधी कामाला बाई लावून पाहिली. ती दोन दिवस टिकली. बाई भांडी घासून वळली की काकू उठून तीच भांडी पुन्हा घासायच्या. दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांना कढईसकट रंगेहाथ पकडलं. "अगं, लेकीकडे जायचंय की नाही तुला?"

"तळाला काळं राहिलं होतं," काकू म्हणाल्या.

"तळ कोण बघतंय!"

"मी बघते," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हातावर हात ठेवून बसायचं कसं, हे त्या बिचारीला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारावर आदेश लागला. 'सौ. यांना ओट्यापासून चार फुटांच्या आत येण्यास मनाई आहे. हुकमावरून.' एक प्रत दारावर, एक मोरीत, एक फाइलला. दाराबाहेर खुर्ची मांडली. खुर्चीत काकू, हातांना मलम, त्यावर सुती मोजे. आणि आत, बाह्या सरसावून, साक्षात तीनप्रती काका.

पहिल्या दिवशी त्यांनी घासणीला साबण लावायच्या ऐवजी साबणालाच घासणी लावली आणि अर्धी वडी संपवली. दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली तर "कोण आलंय?" म्हणून दार उघडायला गेले. कपडे पिळायचे म्हणजे एक टोक धरून दुसरं फिरवायचं, हे समजायला आठवडा गेला. तोवर चादर पिळताना ते स्वतःच चादरीभोवती फिरत. काकू खुर्चीतून सांगत, "अहो, उलटं. अहो, आधी पाणी. अहो, ते माझं पातळ आहे, फडकं नाही!" एवढं हसणं त्या घरात कित्येक वर्षांत झालं नव्हतं. शेजारीण सहज म्हणून वाटी मागायला यायची आणि तासभर बसायची.

पण गडी हटला नाही. त्यांनी भांड्यांची यादी केली, क्रम ठरवला, तेलकट शेवटी. ते घासण्याच्या असे हात धुऊन मागे लागले की पातेल्यांचे तळ आरशासारखे चमकायला लागले. एकदा जेवणं झाल्यावर ते ओट्याशी कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. सगळं लख्ख. तेवढ्यात त्यांना चहाची तल्लफ आली, त्यांनी चहा केला, आणि बघतात तर पातेलं, गाळणी, दोन कप पुन्हा मोरीत. ते तिथेच स्टुलावर बसले.

"हे संपत नाही का गं कधी?" त्यांनी विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या.

"मग तू कधी बोलली कशी नाहीस?"

"बोलले होते. पहिल्या वर्षी." एवढं म्हणून काकूंनी मोजे नीट ओढून घेतले. काका उठले आणि पातेलं घासायला लागले.

तीन आठवड्यांनी केंद्रात गेले. काकूंनी मोजे काढले, बोटं टेकवली. यंत्राने विचार केला, चांगला वेळ लावला, आणि हिरवा दिवा! मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. पंधरा दिवसांत दोघांचे व्हिसा आले. या सगळ्या गडबडीत काकांच्या बोटांना काय झालं, याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. साबण त्यांना मानवला नव्हता. आधी खाज सुटली, मग सालं निघाली, मग बोटं गुळगुळीत झाली. काकूंनी एकदा विचारलंही. "काही नाही गं," म्हणून त्यांनी हात मागे घेतले.

निघायच्या आधी जावयाने फोनवर पढवलं. "बाबा, इथे उतरल्यावर विचारतील, कशाला आलात. फिरायला आलो, एवढंच सांगा. बाळाचं करायला, घरात मदतीला, असलं काही बोलू नका. काम करायला आलेत असं वाटलं तर अडकवतात. 'काम' हा शब्दच काढू नका." काकांनी मान डोलावली, पण चेहरा पडला. सरकारी माणसासमोर अर्धवट बोलायची त्यांना सवय नव्हती.

विमान उतरलं. फोन चालू केला तर जावयाचा निरोप : दवाखान्यात नेलंय, दहा दिवस आधीच कळा सुरू झाल्यात, बाहेर आमचा मित्र गाडी घेऊन उभा आहे, लवकर या. काकू रांगेत उभ्या उभ्या पुढच्यांची डोकी मोजायला लागल्या. खिडकी आली. काकूंनी बोटं टेकवली, हिरवा दिवा, ठप्पा, व्हा पुढे.

काकांनी बोटं टेकवली. लाल. पुसली, लाल. दाबली, लाल. अधिकाऱ्याने पासपोर्ट बाजूला ठेवला आणि बाजूच्या खोलीकडे हात केला.

काकू पलीकडे जाऊन थबकल्या. आयुष्यात कुठे म्हणून त्या एकट्या गेल्या नव्हत्या. सगळीकडे कागद काकांच्या हातात आणि त्या दोन पावलं मागे.

"अहो, तुम्हाला सोडून कशी जाऊ?"

"जा म्हणतो ना," काका ओरडलेच. "माझी बोटं उमटेपर्यंत बाळ थांबायचं नाही!"

काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि तरातरा चालायला लागल्या. वळणाशी पाट्या होत्या, त्यातलं एकही अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी समोरच्या माणसाची बाहीच धरली, विचारलं आणि दिसेनाशा झाल्या.

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक अधिकारी आणि फोनवर एक दुभाषी बाई. तिचं मराठी ऐकून काकांना जरा धीर आला.

"तुमचा व्यवसाय काय?"

"निवृत्त हेडक्लार्क."

"मग व्हिसाच्या वेळी बोटं चांगली होती, आता अशी कशी झाली?"

"भांडी घासून."

फोनवरच्या बाईने पुन्हा विचारलं. "हेडक्लार्क म्हणालात ना?"

"हो. ते पूर्वी."

अधिकाऱ्याने काहीतरी लिहिलं. दुभाषी बाईने पुढचा प्रश्न सांगितला, "इथे कशासाठी आलात?"

काकांनी तोंड उघडलं. फिरायला, असं म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर होता. पण समोर सरकारी शिक्का होता, आणि काकांना काही ते जमेना.

"लेकीचं बाळंतपण आहे. बायको बाळ-बाळंतिणीचं बघेल. मी धुणीभांडी करणार."

"काका, हे असंच सांगू?" बाईने हळूच विचारलं.

"असंच सांगा. एक शब्द गाळू नका."

तिने सांगितलं. अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली आणि एक लहानसा प्रश्न विचारला.

"ते विचारतायत, या कामाचा तुम्हाला पगार मिळणार आहे का?"

"पगार? घरातल्या कामाचा?" काकांना खरंच हसू आलं. पण ते हसू मध्येच कुठेतरी अडलं. "अहो बाई, त्यांना सांगा, माझ्या बायकोने हे एकेचाळीस वर्षं केलं. तिच्या बोटांच्या रेषा गेल्या, तिला कुणी दमडी दिली नाही. आणि व्यवसायाच्या रकान्यात मी लिहिलं, काही नाही. मीच लिहिलं. माझ्या हाताने."

दुभाषी बाईने शब्दन् शब्द सांगितला. अधिकाऱ्याने काकांचा हात धरून बोटं उजेडात पाहिली. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दुसऱ्या यंत्रावर काकांचा अंगठा टेकवून पाहिला, तो कसाबसा उमटला. मग त्याने ठप्पा मारला.

या सगळ्यात दोन तास गेले होते. सामानाच्या पट्ट्याशी काकांच्या दोन बॅगा एकट्याच गरगर फिरत होत्या. एवढ्यात फोन वाजला.

"अहो, पोचले मी," काकूंचा श्वास लागला होता. "वेळेत पोचले. मुलगी झाली. दोघी छान आहेत."

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"कळा देताना तिने माझा हात धरला होता, अहो. घट्ट. आणि मध्येच डोळे उघडून म्हणते कशी, आई, तुझा हात किती मऊ झालाय गं." काकू थांबल्या. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. ऐकताय ना?"

"ऐकतोय," काका म्हणाले, आणि भर गर्दीत, बॅगा पुढून जात असताना, ढसाढसा रडायला लागले.