कुहीच्या बांधीतला सारस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला तोंड उघडलं की स्वतःचाच इतका संताप येतो — की गप्प बसणं सोपं वाटतं. आज तुम्हाला सांगतो.

सत्तरच्या दशकात आणि पुढेही काही वर्षं मी नागपुरात पक्ष्यांवर व्याख्यानं द्यायचो. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो, आवाज बरा होता, पडद्यावर स्लाइड दाखवायचो. विदर्भातले तलाव कसे ओस पडले, सारस कसे संपत आले — हे सांगताना मुद्दाम आवाज कापरा करायचो. आणि दोष कुणाला? खेड्यातल्या लोकांना. ते अंडी पळवतात, फासे लावतात. सभागृह माना डोलवायचं. शहरातल्या माणसाला दुसरं काय ऐकायचं असतं?

शिकारीवर बंदी येण्याआधी एका हिवाळ्यात मी स्वतः बंदूक घेऊन नागपूरजवळच्या कुहीकडे गेलो होतो. तिघं मित्र, एक जीप. परवाना बदकांचा, पण बदकं मिळाली नाहीत. कापणी झालेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, सारसाची जोडी चरत होती. त्यातला एक पाडला — मित्रांनी नाही, मी. कशासाठी? रिकाम्या हातानं परतायची लाज वाटली म्हणून. दुसरा घिरट्या घालत ओरडत राहिला. बांधीची मालकीण, सखूबाई, सगळं बघत उभ्या होत्या. मी पाणी मागितलं. त्यांनी दिलं.

चार वर्षांनी कुहीच्याच शाळेत माझं व्याख्यान ठरलं. नाही म्हणता आलं असतं — म्हटलं नाही. ‘इथल्याच लोकांनी सारस संपवला,’ असं मी बोललो आणि मागून सखूबाई उठल्या.

“आमी काहून मारू जी त्याले? आमच्याच वावरात राहे तो. जीपवाल्या सायबाईनं मारला.” मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, “तुमीच होते ना जी? मीनं तुमाले पाणी देल्लं होतं.”

मी चष्मा पुसला. “बाई, मी तुम्हाला ओळखत नाही. बसा खाली.”

त्या बसल्या. निदान तिथं तरी थांबायचं — पण नाही. पहिल्या रांगेत वनखात्याचा एक अधिकारी होता. व्याख्यान संपल्यावर त्यानं मला विचारलं, “हिच्या घरी अंड्यांची चौकशी करू का?”

मी म्हणालो, “करा.”

एका शब्दाचं काम होतं ते. दुसऱ्या दिवशी सखूबाईंच्या नवऱ्याला नेलं, चार दिवस चौकीत बसवून ठेवलं. घरात काही सापडलं नाही. तरी गावात त्याला अंडीचोर म्हणू लागले, हे मला पुढे कळलं. तेव्हाही मी कुहीला गेलो नाही. दोन ओळींचं पत्रसुद्धा लिहिलं नाही.

उलट नागपुरात तेच व्याख्यान पुढे आठ वर्षं दिलं. त्यात एक वाक्य वाढवलं — कुहीजवळच्या एका शेतकऱ्याला आम्ही पकडून दिलं. त्या वाक्याला टाळ्या पडायच्या. म्हणून ते मी कधी गाळलं नाही.