मामा हाक मारत नसे

माझा मामा कुणाला हाक मारत नसे. चहा हवा असला तरी खुर्चीतून उठायचा, बाहेरची खोली ओलांडून स्वयंपाकघरात जायचा, मामीच्या कोपराला बोट लावायचा आणि मग सांगायचा. आम्ही भाचरं अंगणात खेळत असलो आणि जेवण वाढलेलं असलं, तर तो चपला घालून अंगणाच्या टोकापर्यंत यायचा. मामी वैतागायची. "अहो, देवानं गळा दिलाय की नाही? इथूनच सांगा ना!" मामा हसायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा चालत यायचा. आम्हाला वाटायचं, आहे जरा विक्षिप्त. घरात असा एकतरी असतोच.

खरं म्हणजे तो आधी असा नव्हता. मी लहान असताना त्याची हाक दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायची.

मामा घोड्यांचा राखणदार होता. शर्यतीच्या नव्हे, वरातीच्याही नव्हे. शहराबाहेर एक संस्था होती, तिथे सापाच्या विषावरचं औषध तयार होई. ते कसं होतं हे माहीत नसलेल्यांनी जेवणाआधी वाचू नये. घोड्याला सापाचं विष टोचतात, आधी थेंबभर, मग थोडं जास्त, असं काही आठवडे. घोडा मरत नाही, त्याच्या रक्तात विषाशी लढणारं काहीतरी तयार होतं. मग त्याच्या मानेतल्या शिरेत सुई घालून पिशव्या भरभरून रक्त काढतात आणि त्यातून औषध करतात. महिनाभर विश्रांती, की पुन्हा सुई. असे चाळीस घोडे होते. पत्र्याचे लांब तबेले, फिनेलचा वास, मागे कुंपण घातलेलं मोकळं मैदान. फाटकाला लागून कामगारांच्या दोन-दोन खोल्या, त्यातलं एक घर मामाचं.

तबेल्यात त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण घोडे त्याचं ऐकत. बाकीचे राखणदार दोर घेऊन मैदानात धावायचे, घोडा पुढे आणि हे मागे. मामा कुंपणाशी उभा राहून जीभ टाळ्याला लावून दोनदा टक्-टक् करायचा आणि लांबलचक "येऽऽ गं ये" म्हणायचा. ज्या जनावराकडे बघून म्हटलं तेच मान हलवत यायचं. सुई संपली की तो घोड्याच्या कानामागे खाजवायचा आणि खिशातून गाजर काढायचा. तिथले डॉक्टर म्हणत, "मास्तरांची हाक म्हणजे आमचं अर्धं काम." घोडा भेदरला की शीर सापडत नाही, म्हणून.

मी नऊ वर्षांची असताना मला साप चावला. आमच्या घरामागे लाकडांचा ढीग होता, त्यात चेंडू गेला आणि मी हात घातला. पुढचं फारसं आठवत नाही. इस्पितळात मला सहा बाटल्या औषध दिलं आणि मी वाचले. दुसऱ्या दिवशी मामा आला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि नर्सकडून एक रिकामी बाटली मागून घेतली. बाटलीवरचा आकडा त्याने संस्थेच्या वहीशी जुळवून पाहिला. ते औषध सात घोड्यांच्या रक्ताचं होतं. सातांत अकरा नंबरची घोडी होती. बाकी सहांची नावं मामाने कधी काढली नाहीत. त्याने ठरवून टाकलं की मला अकरा नंबरने वाचवलं, आणि त्याने एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाचंही चालत नसे.

मी बरी झाल्यावर तो मला तिच्याकडे घेऊन गेला. तांबूस तपकिरी रंग, अंगावर पांढरा ठिपका नाही, गळ्यातल्या पट्ट्याला पितळी बिल्ला आणि त्यावर ११. "हिला थँक्यू म्हण," मामा म्हणाला. मी म्हटलं. तिने माझे केस हुंगले आणि माझ्या तोंडावर सणसणीत शिंकली. तेव्हापासून मी जिन्यावरून धावत उतरले की मामी म्हणायची, "हळू गं, अंगात घोडी आहे तुझ्या." मीही शाळेत ऐटीत सांगायचे. दर सुट्टीत तिला गाजरं चारायला जायचे. तिच्या मानेवर सुयांच्या जागी कातडी जाड आणि टणक झाली होती. मी तिथे हात फिरवला की ती मान बाजूला घ्यायची.

पुढे पाच वर्षांनी जे घडलं ते मामाने मला निवृत्त झाल्यावर सांगितलं, एकदाच, आणि मामी बाजारात गेली असताना. तिला त्यातलं काही माहीत नाही.

दर तीन महिन्यांनी घोड्यांच्या रक्ताची चाचणी होई. रक्त पातळ पडलं तर घोडा नापास. लागोपाठ दोनदा नापास झाला की त्याच्या नावापुढे 'रद्द' लिहायचं. विष टोचलेलं जनावर बाहेर सोडायचं नाही असा नियम, त्यामुळे रद्द झालेला घोडा मैदानामागच्या शेडमध्ये जाई आणि तिथे त्याला शेवटचं इंजेक्शन मिळे. मामाने असे एकोणीस घोडे स्वतः त्या शेडमध्ये नेले होते. घरी येऊन तो व्यवस्थित जेवायचा. काम म्हणजे काम, असं त्याचं होतं.

मग अकरा नंबर एकदा नापास झाली.

दुसऱ्या चाचणीच्या सकाळी मामाने एक गोष्ट केली. तबेल्यात बत्तीस नंबरची एक तरुण घोडी होती, तशीच तांबूस तपकिरी, तीही बिनठिपक्याची. मामाने दोघींच्या गळ्यातले पट्टे बदलले. डॉक्टरांनी अकराचा बिल्ला बघून बत्तीसचं रक्त नळीत घेतलं. डॉक्टर बारा वर्षं तिथे होते, घोड्यांचं रक्त त्यांना तोंडपाठ होतं, घोडा मात्र एकही ओळखता येत नव्हता. निकाल आला तेव्हा ते खूश झाले. "मास्तर, तुमची म्हातारी परत तरुण झाली की!"

मामाचा आनंद चार दिवस टिकला. पास झालेल्या घोडीचं रक्त काढावं लागतं, एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती. अकराची पाळी गुरुवारी होती. म्हातारीला ती सुई झेपली नसती. म्हणून त्याने पुन्हा पट्टे बदलले आणि बत्तीसला उभी केली. तिचं स्वतःच्या नंबराने आठ दिवसांपूर्वीच रक्त काढलेलं होतं.

"तरुण होती," मामा मला म्हणाला. "वाटलं, सोसेल."

हे तीन महिने चाललं. बत्तीस महिन्यातून दोनदा सुईखाली जात होती, एकदा बत्तीस म्हणून आणि एकदा अकरा म्हणून. मामा तिला जास्तीचा खुराक घालायचा, औषधाच्या दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून भुशात मिसळायचा. तरी तिच्या बरगड्या दिसायला लागल्या, हिरड्या पांढऱ्या पडल्या. दुसऱ्या राखणदाराने विचारलं, "मास्तर, ही बत्तीस का हो अशी झालीय?" मामा म्हणाला, जंत झालेत. डोळ्यांत तेल घालून जनावरं सांभाळणारा माणूस, पण त्याने या घोडीकडे कानाडोळा केला. म्हातारी कुंपणाशी मजेत गवत खात होती ना, मग झालं. मला याचाच राग येतो. आणि राग यायला मी जिवंत आहे ती त्या म्हातारीमुळे, निदान सातातल्या एका हिश्शाने, त्यामुळे माझा राग कुठे धड बसतही नाही.

पुढच्या चाचणीला आठवडा राहिला होता. गुरुवारी सकाळी मामाने मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या बत्तीसला हाक मारली. गळ्यात अकराचा बिल्ला होता. तिने मान वर केली आणि तशीच उभी राहिली. मामाच्या हाकेला घोडा आला नाही असं कधी झालं नव्हतं. त्याने पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा ती निघाली, मागचा एक पाय ओढत.

"तिला यायचं नव्हतं," मामा म्हणाला. "मला कळलं होतं तेव्हाच. पण मी हाक मारली म्हणून आली."

लोखंडी कठड्यात तिला उभी केली, सुई घातली. पहिली पिशवी अर्धी भरली आणि तिचे पुढचे गुडघे वाकले. मामा "बंद करा, बंद करा" म्हणून ओरडला. कठड्याच्या दांड्यांवर ती लोंबकळत राहिली. चौघांनी मिळून बाहेर काढली. दहा वाजेपर्यंत ती गेली.

डॉक्टरांनी गळ्यातला बिल्ला पाहिला आणि वहीत लिहिलं: अकरा नंबर, वय झालेलं, हृदय बंद. खाली सही केली. पितळी बिल्ला काढून टेबलाच्या खणात टाकला. तिचं तोंड उघडून दात कुणी पाहिले नाहीत. पाहिले असते तर कोवळं जनावर आहे हे दारावर येणाऱ्या पोस्टमनलाही कळलं असतं.

आता म्हातारी कागदावर मेली होती आणि मैदानात बत्तीसचा बिल्ला घालून गवत खात होती. पुढच्या आठवड्यात चाचणी, आणि त्यानंतर बत्तीसची पाळी. तरुण घोडी म्हणून पूर्ण माप.

दोन दिवस मामाने तोंडात घास घातला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो डॉक्टरांच्या खोलीत गेला आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी वही उघडून आपली सही पाहिली. मग त्यांनी ती मिटली.

"मास्तर, अकरा मेली. मी सही केलीय. कागद वर गेलाय."

"पण साहेब, ती जिवंत आहे."

"मग बत्तीसचं रक्त काढू या?"

"नाही साहेब. मरेल ती."

"आणि चाचणीला काय निघेल? तीन महिन्यांत चार वर्षांची घोडी म्हातारी कशी झाली, हे मी वर काय सांगू? तुमची नोकरी जाईल, माझीही जाईल."

"मी तिला घेऊन जातो. माझ्या दारात बांधतो. कुणाला कळणार नाही."

"नियम तुम्हाला माहीत आहे."

मामाला माहीत होता. एकोणीस वेळा त्यानेच पाळला होता.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते, असं मामा मला दोनदा म्हणाला. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बत्तीसला पोटशूळ झालाय. वाचण्यासारखी नाही. उद्या नऊ वाजता."

दुसऱ्या दिवशी मामा कामावर गेला, पण मैदानात उतरला नाही. तबेल्याच्या भिंतीला टेकून उभा राहिला. दुसरा राखणदार दोर घेऊन गेला. म्हातारीने त्याला पळव पळव पळवलं. एवढी वयस्क घोडी, पण शेपटी उडवत कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. खेळ चाललाय असंच वाटलं असेल तिला. राखणदार घामाघूम झाला. साडेनऊ वाजले. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

"मास्तर, हाक मारा."

मामाने जीभ टाळ्याला लावली. दोनदा टक्-टक्. "येऽऽ गं ये."

ती दुडक्या चालीने आली. येऊन तिने त्याच्या खिशात नाक घातलं. खिशात गाजर होतं. सवयीने सकाळी ठेवलं होतं, मामा म्हणाला. ते तिने खाल्लं आणि त्याच्यामागून शेडमध्ये गेली. पट्ट्याला धरावंसुद्धा लागलं नाही.

मला सांगितलं होतं की अकरा नंबर म्हातारपणाने गेली. मी चौदा वर्षांची होते, एक दिवस रडले आणि विसरले.

मामाने आणखी नऊ वर्षं तिथेच नोकरी केली. मात्र कुठल्याही घोड्याला हाक मारली नाही. मैदान तुडवत एकेकापर्यंत चालत जायचा, पट्ट्याला धरून आणायचा. लोक म्हणायचे, मास्तरांचा गळा गेला. तेव्हाच घरीही हाका बंद झाल्या.

मी त्याला विचारलं होतं, "मामा, पण औषध तर लागतंच ना? मी वाचले ना त्यानंच?"

"लागतंच," तो म्हणाला. "साप उंदरासाठी विष बाळगतो, ते आपण काढून घेतो. घोड्याचं रक्त काढून घेतो. लागतंच म्हणून. तू समोर बसलीयेस, मी नको कसं म्हणू? पण मारून घ्यायचं, बांधून घ्यायचं, ते वेगळं. मी बोलावून घेत होतो गं. त्यांना वाटायचं, ओळखीचा माणूस आहे." मग मामी फाटक उघडताना दिसली आणि तो पिशव्या घ्यायला उठला.

गेल्या वर्षी मामा गेला. सकाळची वेळ होती. मामी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती, मामा न्हाणीघराकडे गेला आणि वाटेतल्या बोळकांडीत पडला. तिथून स्वयंपाकघराचं दार दहा पावलांवर आहे, आणि दार उघडं होतं. मामीला वाटलं, अंघोळ चाललीय. पाऊण तासाने ती पाहायला गेली. फरशीवर हात सरकल्याची ओली खूण होती, तो दाराच्या दिशेने सरपटत यायचा प्रयत्न करत होता. तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, अर्धा तास तरी शुद्धीवर असावेत, आणि वाचा गेलेली नसावी.

मामी मला दर भेटीत विचारते, त्यांनी हाक का नाही मारली. मी तिचा हात हातात घेऊन बसते.

"मी तिथंच होते गं," ती म्हणते. "एक हाक मारायची. आले असते की मी धावत."